मंजूर विषय एक, समोर आलं गाव दुसरंच: हिल्मा ग्रानक्विस्ट यांचं प्रकरण

पीएच.डी.च्या मुलामुलींना संशोधन पद्धती शिकवताना एक प्रश्न दर वर्षी हमखास येतो. आराखडा मंजूर झाला एका विषयाचा, फील्डवर गेलो तर माणसं भलतंच काही सांगायला लागली. आता काय करायचं? गाइडला खरं सांगून विषय बदलून घ्यायचा, की मिळालेला माल जुन्याच पोत्यात भरून मोकळं व्हायचं? उत्तरादाखल मी नियम सांगत बसत नाही. शंभर वर्षांपूर्वीचं एक प्रकरण वाचायला देते. त्यातल्या बाई फिनलंडच्या, अभ्यास कुटुंबाचा आणि बायकांच्या आयुष्याचा, आणि जागा बेथलेहेमजवळचं एक छोटं गाव.

संशोधिका, त्यांचे गुरू आणि विद्यापीठं यांची नावं इथे खरी आहेत, कारण ती छापील इतिहासात आहेतच. गावातल्या ज्या बायकांनी त्यांना सगळं सांगितलं त्यांची नावं मात्र मी झाकली आहेत. ते बरोबर केलं की चूक, हे शेवटी बघू.

पार्श्वभूमी

हिल्मा ग्रानक्विस्ट यांचा जन्म १८९० सालचा, हेलसिंकीजवळच्या सिपो भागातला. घरची भाषा स्वीडिश. फिनलंड तेव्हा रशियाच्या झारच्या ताब्यात होतं. मुलींनी विद्यापीठात शिकायचं तर "स्त्री असण्याबद्दल सूट मिळावी" असा अर्ज करावा लागे, आणि ही अट १९०१ साली सुटली. त्यानंतर गोष्टी झपाट्याने बदलल्या. १९०६ साली बायकांना मताचा हक्क मिळाला, १९०७ च्या पहिल्याच निवडणुकीत २०० जणांच्या संसदेत १९ बायका निवडून आल्या. म्हणजे कागदावर हा देश युरोपात सगळ्यांच्या पुढे. पण सरकारी पदांची दारं बायकांना सरसकट उघडणारा कायदा यायला १९२६ उजाडलं, आणि देशातली पहिली बाई प्राध्यापक झाली १९२७ साली. त्या आल्मा सोदरयेल्म, इतिहासाच्या. त्यांना ही जागा राजधानीतल्या मोठ्या विद्यापीठाने दिली नाही, तुर्कू शहरातल्या ओबू अकादेमी या १९१८ साली निघालेल्या खासगी स्वीडिश विद्यापीठाने दिली. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

ग्रानक्विस्ट यांना समाजशास्त्रज्ञ म्हणायचं की मानवशास्त्रज्ञ, हा वाद आजचा आहे. त्या काळी फिनलंडमध्ये दोहोंच्या मध्ये भिंत नव्हती, कारण दोन्ही एकाच माणसाच्या अंगणात वाढत होती. तो माणूस म्हणजे एडवर्ड वेस्टरमार्क. १८९१ साली त्यांनी मानवी विवाहाच्या इतिहासावरचा ग्रंथ इंग्रजीत काढला आणि जगभर नाव कमावलं. पद्धत अशी: प्रवाशांची वर्णनं, मिशनऱ्यांचे अहवाल, जुने ग्रंथ असं जगाच्या कानाकोपऱ्यातून सगळं गोळा करायचं, एकापुढे एक मांडायचं आणि त्यातून विवाहसंस्थेबद्दल सर्वसाधारण सिद्धांत काढायचा. याला तुलनात्मक पद्धत म्हणत. पण याच वेस्टरमार्कनी १८९८ पासून मोरोक्कोत वर्षानुवर्षं मुक्काम ठोकले, भाषा शिकले, आणि १९१४ साली तिथल्या लग्नविधींवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. म्हणजे एका माणसात दोन वेस्टरमार्क होते, एक ग्रंथालयातले, एक मोरोक्कोतले. त्यांच्या शिष्यांनी दोन्ही वारसे उचलले. गुन्नार लांडट्मान न्यू गिनीत दोन वर्षं राहून आले, राफाएल कार्स्टेन दक्षिण अमेरिकेत हिंडले. लंडनमध्ये त्यांच्याच हाताखाली शिकलेले मालिनोव्स्की तर एकाच जागी तळ ठोकण्याच्या पद्धतीचे पुढारी झाले.

ग्रानक्विस्ट यांचा प्रबंधाचा विषय होता जुन्या करारातल्या स्त्रिया. सारा, रिबेका, राहेल, लेआ, रूथ. ग्रंथालयात बसून, बायबलचा मजकूर आणि तुलनेचं साहित्य समोर ठेवून होण्यासारखं काम. विषय चांगला होता, मान्य होता, आणि पूर्ण झाला असता.

पेच

१९२५ साली, वयाच्या पस्तिशीत, त्या पॅलेस्टाइनला गेल्या. तिथे तेव्हा ब्रिटिशांचा अंमल होता. जेरुसलेमच्या जर्मन प्रोटेस्टंट संस्थेतला अभ्यासक्रम हे निमित्त, आणि मनात हेतू असा की बायबलमधल्या बायका जिथे राहिल्या ती भूमी, तिथलं जगणं एकदा डोळ्यांनी पाहावं.

यामागे त्या काळातली एक सर्वमान्य समजूत होती. पूर्वेकडे काही बदलत नाही. आजचा पॅलेस्टिनी शेतकरी नांगर धरतो तसाच अब्राहामाच्या वेळचा धरत होता. म्हणून त्याच्याकडे पाहिलं की बायबल कळतं. युरोपातून येणारे पाद्री, चित्रकार, फोटोग्राफर सगळे याच चष्म्यातून पाहत. विहिरीवर घडा घेऊन उभी असलेली बाई दिसली की तिच्या फोटोखाली "रिबेका" असं लिहून टाकायचे. त्या बाईला स्वतःचं नाव आहे, सासू आहे, सवत असू शकते, दोन महिन्यांपूर्वी तिचं मूल दगावलेलं असू शकतं, हे कुणी विचारत नसे.

ग्रानक्विस्टही हाच चष्मा घालून गेल्या. तो उतरला अर्तासमध्ये.

अर्तास हे बेथलेहेमच्या नैर्ऋत्येला, चालत जाण्याच्या अंतरावर. अरुंद दरी, बारमाही झरा, त्या पाण्यावर पिकणारा भाजीपाला. जवळच "शलमोनाचे तलाव" म्हणून ओळखले जाणारे मोठे हौद. वस्ती काही शे माणसांची, मुसलमान शेतकऱ्यांची. गावात फ्रान्स-जर्मनीच्या सीमेवरच्या आल्सास भागातून आलेल्या एका मिशनरी कुटुंबाची मुलगी राहत होती, लुईझ बाल्डेन्स्पेर्गर. त्यांचं बहुतेक आयुष्य इथल्या लोकांत गेलेलं, अरबी गावातल्या बायकांसारखी, पुढे पॅलेस्टाइनच्या वनस्पती आणि त्यांच्याभोवतीच्या लोककथा यांवरच्या पुस्तकाच्या त्या सहलेखिका झाल्या. ग्रानक्विस्ट त्यांच्याकडे उतरल्या.

आणि इथे पेच पडला. ज्या बायकांकडे "जुन्या कराराचा पुरावा" म्हणून पाहायचं ठरवून आल्या होत्या, त्या बायका आपापल्या घरातल्या भानगडी सांगायला लागल्या. कुणाचं लग्न कशाच्या बदल्यात झालं, कोण रुसून माहेरी जाऊन बसली, देज (वराकडून मुलीच्या घरी येणारी रक्कम) किती ठरलं आणि प्रत्यक्षात किती हातात पडलं. यातलं काहीच सारा-रिबेकाच्या प्रबंधात बसत नव्हतं.

एक उदाहरण मी वर्गात नेहमी घेते, मिठाचं. अर्तासमध्ये मूल जन्मलं की त्याच्या अंगाला तेल आणि मीठ चोळत आणि मग ते घट्ट गुंडाळत. आता बायबलच्या जुन्या करारातल्या यहेज्केलच्या ग्रंथात, सोळाव्या अध्यायात, जन्मल्यावर मीठ न चोळलेल्या आणि बाळोत्यात न गुंडाळलेल्या मुलीचा उल्लेख येतो. जुन्या कराराच्या अभ्यासकाला याहून घबाड कुठलं? अडीच हजार वर्षं टिकलेली चाल, डोळ्यांसमोर! पण इथे थांबलं तर काय हुकतं पाहा. मीठ कोण चोळतं, किती दिवस चोळतं, न चोळल्यास मुलाचं काय होईल असं बाया मानतात, पहिल्या मुलाला आणि पाचव्या मुलीला सारखंच चोळतात का. बायबलचं वचन सापडलं की हे प्रश्न विचारायचं सुचतच नाही. उत्तर मिळाल्यासारखं वाटतं आणि वही मिटते.

ग्रानक्विस्ट यांनी हा धोका ओळखला, आणि पुढे पुस्तकाच्या प्रस्तावनेत तो मांडलाही: आजच्या चालीरीती बायबलमधल्या चालीरीतींशी बिनतपासता जोडून टाकण्याचा मोह. हा मोह त्यांचा स्वतःचाही होता, हे विसरून चालणार नाही.

समोरचे पर्याय

पहिला रस्ता सरळ होता. विषय तोच ठेवायचा, गावातलं निवडक साहित्य दाखल्यांसारखं वापरायचं. मीठ इथे, विहीर तिथे, राहेलच्या वांझपणाच्या दुःखाशेजारी गावातल्या एखाद्या निपुत्रिक बाईची हकीकत. प्रबंध रंगतदार झाला असता, आणि मार्गदर्शकांना अपेक्षित तोच झाला असता.

दुसरा रस्ता हिंडण्याचा. पॅलेस्टाइनची गावंच्या गावं पाहायची, प्रत्येक ठिकाणची चाल टिपायची, आणि एकत्र करून देशभराचं चित्र काढायचं. जर्मन पंडित गुस्टाफ डाल्मान यांचं काम या धर्तीचं होतं. जेरुसलेमचे पॅलेस्टिनी डॉक्टर तौफिक कनान लोकसमजुती, पिरांची आणि साधुपुरुषांची ठाणी यांची माहिती याच रीतीने जमवत होते, आणि ते तर घरचेच. या रस्त्याने तुलनात्मक पद्धतही सांभाळली गेली असती.

तिसरा रस्ता म्हणजे एकाच गावात बसायचं. सगळं गाव घ्यायचं. जे कळलं ते तिथलंच म्हणून सांगायचं, "अरब लोक असे असतात" असं म्हणायचं नाही. यात धोका उघड होता: आराखड्यातला विषय हातातून जाणार, जुना करार मागे पडणार, आणि घरी गेल्यावर कुणीतरी विचारणार की एवढ्याशा खेड्यावरून सिद्धांत कसला काढणार?

त्यांनी तिसरा धरला. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला खरा निर्णय हा. पुढचं जे भोगलं ते याच्यातूनच आलं. विद्यार्थी मात्र पदवी कुठे मिळाली या निर्णयावरच जास्त चर्चा करतात.

काय केलं

१९२५ ते १९३१ या काळात दोन लांब मुक्काम झाले, पहिला १९२५ पासून, दुसरा १९३० मध्ये सुरू झालेला. कामाची रीत आजही शिकवण्यासारखी आहे.

मुख्य सांगणाऱ्या गावातल्या दोन वयस्क बायका. त्या अरबीत सांगत, आणि शक्यतो शब्दच्या शब्द उतरवून घेतला जाई, लुईझबाईंच्या मदतीने. सारांश काढून घरी जाऊन लिहायचा नाही. म्हणून छापील पुस्तकात म्हणी, गाणी, शिव्या, टोमणे मूळ अरबी उच्चारासकट येतात आणि त्या बायकांचा आवाज ऐकू येतो. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या गोळा करणाऱ्यांना याची किंमत लगेच कळेल. ओवीचा गोषवारा काढला की ओवी मेली.

दुसरं काम कंटाळवाणं, पण माझ्या लेखी जास्त मोलाचं. त्यांनी गावातल्या सगळ्या भावक्यांच्या वंशावळी मांडल्या. भावकीला तिथे हमूला म्हणतात. तीन-चार पिढ्या मागेपर्यंत लोकांच्या आठवणीत असलेलं प्रत्येक लग्न नोंदलं: कुणाची मुलगी, कुठल्या गावची, नात्यातली की परकी, कशाच्या बदल्यात. आणि मग मोजलं.

मोजल्यावर काय दिसलं, हे समजायला एक गोष्ट आधी सांगायला हवी. मराठी मुलखात अनेक जातींमध्ये मामाच्या मुलीशी लग्न चालतं, चुलत बहीण मात्र सख्ख्या बहिणीच्या जागी. तिथे चुलत बहिणीवर पहिला हक्क चुलत भावाचा. म्हणच अशी की नवरी उंटावर बसून निघाली असली तरी चुलत भाऊ तिला खाली उतरवून घेऊ शकतो. ही म्हण ऐकलेला कुठलाही प्रवासी लिहून मोकळा होईल की अरबांत चुलत भावंडांचीच लग्नं होतात. ग्रानक्विस्ट यांनी अर्तासची लग्नं मोजली तेव्हा अशी लग्नं एक-पंचमांशाहूनही कमी भरली. म्हण खरी होती, हक्कही खरा होता, पण माणसं लग्नं जुळवताना दहा गोष्टी पाहत होती: वयं जुळतात का, देज परवडतं का, भांडण मिटतं का, बाहेरगावची सोयरीक कामी येते का. लोक काय सांगतात आणि प्रत्यक्षात काय करतात यातलं हे अंतर एका गावात बसून, एकेक लग्न मोजल्याशिवाय हाती लागलं नसतं. न्यू गिनीपासून मोरोक्कोपर्यंतचे दाखले जोडूनही लागलं नसतं.

तिथे बदल म्हणतात त्या प्रथेचं वर्णन वाचताना मराठी वाचकाला परकं वाटणार नाही, आपलं साटंलोटं. तुझी बहीण माझ्या घरात, माझी तुझ्या. दोन्हीकडचं देज एकमेकांत फिटतं, म्हणून गरिबाला सोयीचं. पण एका घरातली सून दुखावली की दुसऱ्या घरातलीचाही संसार हलतो. रुसून बापाघरी गेलेल्या बाईला तिथे हर्दाने असा खास शब्द आहे, आणि ग्रानक्विस्ट यांनी या हर्दानेवर बारकाईने लिहिलं. नवरा तिला न्यायला कुणाला पाठवतो, बाप आणि भाऊ किती ताणून धरतात, परत जाताना तिला काय मिळतं. त्यातून एक गोष्ट ठसते: लग्न झालेल्या बाईचं बळ माहेरात, मुख्यतः भावात असतं. तिला कुणी विकलेली नसते, ती अधांतरीही नसते. परगावाहून आलेली सून आणि भावकीतलीच सून यांच्या वाट्याला येणारी वागणूकही म्हणूनच वेगळी. हे युरोपात तेव्हा रुजलेल्या "पूर्वेकडची दीनवाणी स्त्री" या चित्राला छेद देणारं होतं, आणि त्यासाठी त्यांना कुठे आवाज चढवावा लागला नाही. नोंदी पुरेशा होत्या.

लुईझबाईंच्या घरी उतरण्याचा निर्णयही इथेच तपासायला हवा. त्यामुळे दारं पहिल्या दिवशी उघडली, भाषेची अडचण सुटली, आणि एकट्या परदेशी बाईला गावात राहण्याचा मान मिळाला. पण लुईझबाईंची ओळख म्हणजे मिशनऱ्यांच्या घरची ओळख. कोणत्या घरच्या बायका तिथे मोकळेपणाने येत, कोणत्या येत नसत, हे त्या ओळखीनेच ठरलं असणार. दोन म्हाताऱ्या सांगतात तेव्हा गाव म्हाताऱ्यांच्या नजरेतून दिसतं. नव्या सुनेचं गाव वेगळं असतं. हा दोष झाकलेला नाही, पुस्तकात सांगणाऱ्या कोण ते स्पष्ट आहे, म्हणून वाचणाऱ्याला तो धरता येतो.

हेलसिंकीत अडलेली गाडी

हे सगळं घेऊन त्या परतल्या आणि हेलसिंकीत प्रबंध अडला. आक्षेपाचा गाभा पद्धतीचा होता. समाजशास्त्राचा प्रबंध म्हणजे तुलना, म्हणजे व्यापक निष्कर्ष. इथे एक खेडं, त्यातल्या सोयरिकी आणि दोन म्हाताऱ्यांचं बोलणं. विषयही मंजूर झाला होता तो उरला नव्हता.

या आक्षेपाची थट्टा करणं सोपं आहे. मी करू देत नाही. परीक्षकाच्या खुर्चीत बसून पाहा: जुन्या करारावर काम करायला गेलेली विद्यार्थिनी लग्नांचे तक्ते घेऊन येते, आणि आजवर ज्या मापाने प्रबंध मोजले त्या मापात हे बसत नाही. माप चुकीचं आहे हे त्या क्षणी कळणं अवघडच. पण एक गोष्ट मात्र खटकते. ज्या शाखेच्या लोकांनी स्वतः न्यू गिनीत आणि दक्षिण अमेरिकेत महिनोन् महिने काढले, त्यांना फील्डवर्क म्हणजे काय हे सांगावं लागत नव्हतं. लांबच्या बेटावर पुरुषाने केलेलं फील्डवर्क शास्त्र ठरतं, आणि बायकांच्या घरात बसून केलेलं किरकोळ ठरतं, असं तर नव्हतं? पुराव्याने सिद्ध करता येणार नाही. मला वाटतं, होतं.

आता त्यांच्यापुढे पुन्हा रस्ते फुटले. प्रबंध मोडून तुलनेच्या साच्यात पुन्हा लिहायचा. किंवा पदवीचा नाद सोडायचा आणि नुसती पुस्तकं काढायची. किंवा दुसरं दार ठोठवायचं. त्यांनी तुर्कूचं दार ठोठावलं. ओबू अकादेमीत तेव्हा तत्त्वज्ञानाच्या आसनावर खुद्द वेस्टरमार्क होते, आणि त्यांच्यातले मोरोक्कोचे वेस्टरमार्क हे काम पाहताच ओळखणारे होते. तुलनात्मक पद्धतीच्या नावाने वेस्टरमार्क यांच्याच शिष्यांनी अडवलं, आणि त्या पद्धतीच्या आद्य पुरुषाने वाट दिली. अशी गंमत विद्यापीठांच्या इतिहासात वारंवार घडत नाही.

अर्तासच्या विवाहरीतींचा पहिला भाग १९३१ साली फिनिश विज्ञान परिषदेच्या मालेत इंग्रजीतून प्रसिद्ध झाला, आणि १९३२ साली तुर्कूत त्या डॉक्टर झाल्या. वय चाळिशीपुढे. वेस्टरमार्क त्याच वर्षी निवृत्त झाले. वर्षभर उशीर झाला असता तर काय, हा प्रश्न मी फळ्यावर लिहून ठेवते.

निष्पत्ती

विवाहरीतींचा दुसरा भाग १९३५ साली आला. त्यानंतर युद्धं आली. फिनलंड १९३९ पासून त्यात भरडून निघालं. अर्तासमधल्या जन्म आणि बालपणावरचं पुस्तक १९४७ साली, मुलांच्या प्रश्नांवरचं १९५० साली, आणि मृत्यू व दफनावरचं १९६५ साली. म्हणजे तरुणपणी भरलेल्या वह्यांतून शेवटचं पुस्तक निघालं तेव्हा बाई पंच्याहत्तरीच्या घरात होत्या. जन्मापासून कबरीपर्यंत एका गावाचा पूर्ण फेरा, एकाच माणसाच्या हातून.

विद्यापीठात कायमची जागा त्यांना कधीच मिळाली नाही. शिष्यवृत्त्या, अनुदानं, पुन्हा अर्ज, यावरच भागवावं लागलं. जागा नाही म्हणजे विद्यार्थी नाहीत. विद्यार्थी नाहीत म्हणजे परंपरा नाही. फिनलंडमध्ये पुढे कुटुंब आणि स्त्रिया यांवर काम करणाऱ्या एलिना हाव्हिओ-मानिला यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञ उभ्या राहिल्या, प्राध्यापक झाल्या. पण त्यांची वाट सर्वेक्षणांची, आधुनिक फिनिश समाजाची. ग्रानक्विस्ट यांच्या हातून कुणाच्या हातात मशाल गेली असं म्हणता येत नाही.

१९५९ साली त्या अर्तासला पुन्हा गेल्या. सत्तरीला आलेल्या. मधल्या काळात १९४८ चं युद्ध आणि इस्रायलची स्थापना होऊन गेली होती, तो भाग जॉर्डनच्या अमलाखाली होता, आणि गावाच्या जवळच धैशेची निर्वासितांची छावणी उभी होती. १९७२ साली त्या वारल्या. त्यांनी काढलेले शेकडो फोटो आणि नोंदी लंडनच्या पॅलेस्टाइन एक्सप्लोरेशन फंडाकडे आहेत. ही संस्था मुळात बायबलच्या भूमीचा शोध घ्यायला निघालेली! त्यांचा संग्रह अखेर तिथेच विसावला.

वाचक मात्र वाढत गेले. अरब कुटुंबव्यवस्थेवर, चुलत विवाहावर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण अर्तासचे आकडे काढतो, कारण त्या काळातलं असं मोजलेलं दुसरं गाव सहजी मिळत नाही. आणि १९४८ नंतर पॅलेस्टिनींना स्वतःच्या खेड्यांची आठवण जपण्याची निकड वाटू लागली, तेव्हा या पुस्तकांचं मोल वेगळंच झालं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट, विषय बदलला तो कळवण्याची वेळ. फील्डवर प्रश्न बदलला की त्याच महिन्यात लेखी टिपण मार्गदर्शकाकडे जावं, आणि नव्या पद्धतीचा आधार त्याच्याच परंपरेतून दाखवावा. ग्रानक्विस्ट यांच्या बाबतीत तो आधार हाताशी होता, वेस्टरमार्क यांचं १९१४ चं मोरोक्कोवरचं पुस्तक. "मी तुमच्याच गुरूंच्या वाटेने चालले आहे" हे वाक्य आधी म्हटलं तर पटवून देणं असतं. परीक्षेच्या दिवशी म्हटलं तर तक्रार वाटते.

दुसरी गोष्ट एका दरवाजावर विसंबण्याची. ओबूचा पर्याय शेवटी कामी आला, पण तो एका माणसाच्या जिवावर होता आणि तो माणूस निवृत्तीला टेकला होता. दुसरा वाचक, दुसरं विद्यापीठ, बाहेरचा एखादा जाणकार यांच्याशी संबंध पहिल्या मुक्कामानंतरच जोडायचे असतात. इंग्रजीतून लिहिण्याचा त्यांचा निर्णय या दृष्टीने दूरदर्शी होता. स्वीडिशमध्ये लिहिलं असतं तर हेलसिंकीच्या "नाही"पुढे अपील कुठे करणार होत्या?

तिसरी गोष्ट विद्यापीठाच्या बाजूची. मापात न बसणारा प्रबंध आला तर दोन प्रश्न वेगळे ठेवता येतात: हे काम चांगलं आहे का, आणि हे आमच्या विभागाचं आहे का. दुसऱ्याचं उत्तर "नाही" असलं तरी पहिल्याचं उत्तर देणारा परीक्षक बाहेरून बोलावता येतो. तेव्हाही येत होता.

चौथी त्यांच्या कामातली उणीव. १९२९ साली पॅलेस्टाइनमध्ये मोठ्या दंगली झाल्या, १९३६ ला बंड पेटलं. घर, लग्न, बाळंतपण यांच्या बारीक नोंदींत जमीन, कर, ब्रिटिश अंमल यांना फार थोडी जागा मिळाली. बायबलचा चष्मा काढला, पण गावाभोवती एक कुंपण मात्र राहिलं. देज रोखीत द्यायचं तर रोकड कुठून येत होती, हा प्रश्न धरून पाठलाग केला असता तर त्या कुंपणाबाहेर आपोआप पोचल्या असत्या.

आणि शेवटी नावं. वंशावळी खऱ्या नावांनी छापल्या, सांगणाऱ्या दोघींचीही नावं आणि फोटो पुस्तकांत आहेत. आज कुठल्याही नीतिसमितीपुढे हे टिकणार नाही. कुणाची बायको रुसून गेली, कुणाचं देज बुडालं, सगळं गावच्या नावानिशी. मी या लेखात नावं झाकली ती याच सवयीने. पण ज्या गावच्या वेशीवर निर्वासितांची छावणी आली त्या गावात, पणजीचं नाव, ती कुणाची मुलगी, कुठून लग्न होऊन आली हे छापील पानावर सापडणं याची किंमत काय असेल? आणि ज्या दोघींच्या बोलण्यावर पाच पुस्तकं उभी आहेत त्यांना "माहितीदार क्रमांक एक व दोन" म्हणणं हे गोपनीयता राखणं की श्रेय खाणं? वर्गात इथे मतं नेहमी फुटतात. हात वर करायला सांगते तेव्हा मी स्वतःचा हात अजून कुठल्याच बाजूला वर केलेला नाही.